खालच्या तुकड्याची तहान

वीटवाला बांधावर उकिडवा बसला. खालच्या तुकड्यातली माती त्याने चिमटीत धरून चोळली, थोडी जिभेच्या शेंड्याला लावली आणि चहा चांगला झालाय म्हणावं तशा सुरात म्हणाला, "माती सुरेख आहे हो. चिकट, बारीक. वीट अशी भाजेल की वाजवून घ्या."

सासऱ्याने मान हलवली. दोन हंगाम ओळीने मटार हातातोंडाशी येऊन गेला होता. त्यानंतर कोणीतरी या तुकड्याबद्दल चांगलं बोलत होतं, एवढ्यानेच म्हातारा निम्मा विरघळला.

"गुडघाभर खोल काढतो," वीटवाला म्हणाला. "खालची जमीन तुमचीच."

धाकटी चार वाफे पलीकडे मेलेली झाडं उपटत होती. गुडघाभर माती गेल्यावर खाली काय उरतं हे तिने पाहिलं होतं. रस्त्यापलीकडच्या एकाने अशीच दिली होती. आता तिथे पावसाळ्यात बेडूक आणि उन्हाळ्यात भेगा, एवढंच पीक येतं.

घरात आता सून म्हणून ती एकटीच होती, तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. थोरला दीर आणि जाऊ शहरात राहायला गेले त्याला जमाना झाला. तिचा नवरा गवंडी. सकाळी डबा घेऊन जायचा आणि अंगावर सिमेंट घेऊन परत यायचा. वरचा तुकडा सासरा बघायचा. खालचा, विहिरीच्या पाण्याच्या उताराला असलेला, धाकटीच्या अंगावर पडला होता, आणि पडला तो तिने मनापासून अंगावर घेतला होता. माहेरी तिच्या बापाची बोटभर जमीन नव्हती. या तुकड्यात तिने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काही पेरलं होतं. तो विटा होऊन कोणाच्या तरी भिंतीत जाणार, आणि ती भिंत कदाचित तिचाच नवरा बांधणार, हे तिला सहन होईना.

ती मातीच्या हातांनीच बांधावर आली.

"आबा, एक हंगाम थांबा."

"थांबून काय करू? जमीन जळली आहे ती."

"जळली नाही. एक हंगाम द्या, मटार उभा करून दाखवते."

वीटवाला हसला. सुनेने मध्ये बोललेलं परक्या माणसासमोर सासऱ्याला रुचलं नाही, आणि नाही म्हणावं तर याच माणसासमोर आपण घाईला आलोय असं दिसणार. तो कात्रीत सापडला.

"याच तुकड्यात. मटारच," तो बोट रोखून म्हणाला. "नाही उभा राहिला तर पुढच्या काढणीला यांची गाडी येईल. मग डोळ्यांतून पाणी काढायचं नाही."

"नाही काढणार."

"मी थांबतो," वीटवाला हात झटकत म्हणाला. "माती कुठे पळून जाते?"

आता या घरातली एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मटार असा पिवळा पडतो, मान टाकतो, उभ्या उभ्या वाळतो, त्याला सगळं जग 'मर' म्हणतं. मर आली, मर लागली. पण सासूबाईंनी लग्न होऊन आल्या आल्या हा शब्द शेतात बंद केला होता. उभ्या पिकात उभं राहून 'मर' म्हटल्यावर पिकाने दुसरं काय करायचं, असा त्यांचा सवाल होता, आणि त्याला आजवर कोणाला उत्तर सुचलं नव्हतं. म्हणून घरात म्हणायचं, तहान लागलीय. सुरुवातीला सगळ्यांना ठाऊक होतं की ही तहान पाण्याची नव्हे. मग वर्षं गेली आणि ते विसरलं गेलं. तहान लागली म्हटलं की सासरा फावडं उचलायचा आणि पाट फोडायचा. वाफा पिवळा दिसला की पाणी, आणखी पिवळा पडला की आणखी पाणी. म्हातारा आळशी असता तर मटार कदाचित वाचला असता.

त्यात मागच्या वर्षी त्याने शेतकी खात्याच्या बाईंना भर सभेत विचारलं होतं, "आमच्या मटाराला फार तहान लागते हो, काय करावं?" बाई म्हणाल्या, "मग पाणी द्या की." सभेत हशा झाला. म्हातारा मात्र मोठा हुकूम घेऊन आल्यासारखा घरी आला आणि त्या हंगामात त्याने तुकड्याचं तळं केलं.

वीटवाला गेल्यावर धाकटीने एक अर्धमेलं झाड ओढून न काढता खुरप्याने मातीसकट उचललं. ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी ती शेतकी खात्याच्या कचेरीत गेली. खोलीत एक टेबल, भिंतीला कीटकांची चित्रं, खिडकीत बियांच्या बाटल्या. बाई जेवणाचा डबा उघडत होत्या. फडकं बघून त्यांनी डबा बंद केला.

"याला काय म्हणता तुम्ही?"

"तहान."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मागे एक आजोबा आले होते..."

"तेच. माझे सासरे."

बाईंनी मूळ धुतलं, दोन बोटांत धरून हलकेच ओढलं. वरची साल पायमोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्याएवढी शीर उरली. साल काळपट, चिकट होती. बाईंनी ती टेबलावर ठेवली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, ही मर आहे! मुळं कुजलीत. बुडणाऱ्या माणसाला मी पाणी पाजायला सांगितलं होतं की!"

"आमच्याकडे ते नाव घेत नाहीत."

"मग काय घेता?"

"पाणी," धाकटी म्हणाली, आणि दोघींनाही हसू आलं.

बाई बोलायला लागल्या. रोग मातीत असतो, साचलेल्या पाण्यात पोहत एका मुळावरून दुसऱ्यावर जातो. त्यावर एकच एक औषध नाही, सगळ्या बाजूंनी घेरावं लागतं. "आणि सगळ्यांत आधी, तिथे तीन-चार वर्षं मटार घेऊ नका. वाटाण्याच्या जातीचं काहीच नको. मका घ्या, गहू घ्या."

"तेवढं सोडून सांगा."

"तेच तर मुख्य आहे."

धाकटीने माती, वीट, सासरा, सगळं सांगितलं. बाईंनी ते काळपट मूळ पुन्हा उचलून पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. यंदा घ्या. पण मग बाकीचं एकही सुटता कामा नये. आणि पिकलं तरी पुढे थांबायचं. पिकल्यावर थांबणं जास्त अवघड असतं हं."

"पिकू दे तर खरं," धाकटी म्हणाली.

उन्हाळ्यात तिने तुकडा खोल नांगरून उघडा टाकला. ढेकळं अशी तापली की चप्पल घालूनही पाय उचलून उचलून टाकावा लागे. सगळ्यांत वाईट कोपरा, जिथे पहिलं झाड पिवळं पडायचं, तिथला रोग उन्हाने भाजून निघावा म्हणून तो तिने ओला करून वर प्लास्टिकचा कागद अंथरला आणि कडा मातीने दाबल्या. सासरा येता-जाता विचारायचा, "ऊन कमी पडलं वाटतं, म्हणून शिजवायला ठेवलंय?" ती म्हणायची, "हो आबा, अजून कच्चं आहे."

नवरा एका सुट्टीच्या दिवशी कामावरची पाणसळ घेऊन आला. लांबलचक पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. दोन टोकं दोन जागी धरली की कुठली जागा वर आणि कुठली खाली, ते पाणी सांगतं. पायाभरणीला वापरायची वस्तू त्याने शेतात आणली म्हणून शेजारी बांधावर येऊन उभे राहिले.

"बंगला बांधताय काय?"

"मटाराला," नवरा म्हणाला. "दोन मजली."

त्याने नळी इकडून तिकडे फिरवली, खुंट्या ठोकल्या, आणि मग बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला. सगळ्यांना वाटायचं तुकड्याचा उतार ओढ्याकडे आहे. नळी म्हणत होती, त्या वाईट कोपऱ्यातच एक खळगा आहे, ताटासारखा पसरट. डोळ्यांना दिसत नव्हता, पण पाणी तिथेच बसत होतं आणि पीक तिथूनच जात होतं. म्हाताऱ्याने आयुष्य या जमिनीवर काढलं होतं. तो नळीतल्या पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "नळीत हवा गेली असेल."

"नाही गेली, आबा."

"मग जमीन खचली असेल," असं म्हणून तो घराकडे निघून गेला.

त्या खळग्यातून ओढ्यापर्यंत धाकटीने चर खोदला. नवरा सुट्टीच्या दिवशी हात लावायचा, बाकी दिवस ती एकटी. कुदळ मारताना तिचे तळहात फुटले, मग कडक झाले. खांद्याची उसण तिने कोणाला सांगितली नाही, कारण सांगितली असती तर सासूबाई तेल लावायला आल्या असत्या आणि तेल लावता लावता, सोड हा नाद, असं म्हणाल्या असत्या.

शेणखताचं वेगळंच. बाईंनी एक पुडी दिली होती, वाईट बुरशीला खाणारी चांगली बुरशी. धाकटीने ती खतात कालवली, ढीग सावलीत केला, ओल्या पोत्यांनी झाकला आणि अधूनमधून खालीवर करत राहिली. पोतं उचललं की आत हिरवट पांढरी लव दिसायची आणि उबदार वास यायचा. सासूबाई नाकाला हात लावून लांबून बघायच्या.

"आमच्या आजारपणात कधी एवढी पांघरुणं बदलली नाहीत गं."

"तुम्ही आजारी पडताच कुठे, आई?"

"पडू म्हणतेस?" सासूबाई म्हणाल्या, पण त्या खुश झाल्या होत्या.

पेरणीच्या वेळी खरी धुसफूस झाली. सगळ्या शिवारात मटार पडला, उगवला, वीत वीत झाला, आणि धाकटी बी डब्यात ठेवून बसली होती. माती गार झाल्याशिवाय पेरायचं नाही, उबेत रोग जोरात येतो, असं बाईंनी बजावलं होतं. सासरा रोज सकाळी डब्याशेजारी जाऊन बसायचा. डबा वाजवून बघायचा.

"लोकांच्या मटाराला तणावे फुटले. आपला अजून डब्यात."

"डब्यात आहे म्हणून सुखात आहे."

"तू हट्टाला पेटलीयस."

"तुम्हीच पेटवलीत, आबा."

अखेर एका सकाळी तिने अनवाणी पाय मातीवर ठेवला आणि गारवा घोट्यापर्यंत चढला. त्या दिवशी तिने गुळाच्या पाण्यात बी ओलं केलं, त्याला बाईंच्या पुडीतली उरलेली पावडर चोळली आणि सावलीत कापडावर पसरलं. सासूबाई म्हणाल्या, "पावडर लावून निघालंय कुठे ते?" उंच केलेल्या गादीवाफ्यांवर तिने बी लांब लांब टोचलं. एरवी घरात दाट पेरायची पद्धत, दोन गेली तरी दोन राहतील या हिशेबाने. हिने झाडाझाडात वारा जाईल एवढी जागा ठेवली. बांधावरून कोणीतरी विचारलं, "बी कमी पडलं का?" तिने मान वर केली नाही.

मटार उगवला. काळसर हिरवा, पानं जाड. पाणी ती मोजकंच द्यायची, सरीतून, वाफ्याचा माथा कोरडा ठेवून. बोट मातीत खुपसून बघायची, मगच. सासऱ्याचे हात शिवशिवायचे. वरच्या तुकड्याला पाणी देताना तो खालच्या पाटापाशी रेंगाळायचा, फावड्याने उगाच गवत खरवडायचा. एकदा म्हणाला, "एवढी चिक्कू बाई मी पाहिली नाही." तेही धाकटीने गिळलं.

आणि मग फुलं लागली तेव्हा कोपऱ्यातली काही झाडं पिवळी पडली.

सकाळचीच वेळ होती. धाकटी खालच्या अंगाला तण काढत होती. तिने मान वर केली तर सासरा फावडं खांद्यावर टाकून पाटाशी आलेला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता; सुनेचं पीक बुडतंय याचा त्याला आनंद झाला असता तर सगळं सोपं होतं. पण त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की त्याला एकच गोष्ट करता यायची.

"तहान लागलीय गं त्यांना! कोरडं मारलंस!"

वरून विहिरीचं पाणी सुरूच होतं. त्याने दोन घाव घातले आणि पाट फुटला. पाणी तोंडातून आत घुसलं, वाफ्यांच्या दिशेने, अगदी त्या पिवळ्या कोपऱ्याकडे. तो रोग घेऊन ते आता सगळ्या तुकड्यात फिरणार होतं.

धाकटी धावली. हातात काही नव्हतं. फावडं सासऱ्याच्या हातात, खुरपं मागे पडलेलं. ती जाऊन पाटाच्या तोंडात बसली.

हिवाळ्याचं पाणी पाठीवर आदळलं आणि तिचा श्वास अडकला. तिने दोन्ही बाजूंची माती हातांनी ओढून स्वतःभोवती लिंपली, मांड्यांखाली ढेकळं सारली. पाणी कमरेला आलं, मग तिला वळसा घालून पाटाच्या पलीकडे, रस्त्यावर सांडायला लागलं.

"ऊठ," सासरा म्हणाला.

"पाणी बंद करा."

"ऊठ म्हणतो ना!"

"नाही उठत."

तिला हात धरून उठवावं तर सुनेच्या अंगाला हात कसा लावायचा. फावडं मारावं तर कुठे मारायचं. म्हातारा पाटाच्या काठावर नुसता इकडून तिकडे फिरत राहिला. रस्त्यावर पाणी आलं म्हणून शेजारी आले, आणि पाण्याचं कारण बघून थांबले. कोणीतरी हसलं. धाकटीला ते ऐकू आलं. कपडे अंगाला चिकटलेले, केसांत चिखल, आणि समोर माणसं. तिला लाज वाटली, चांगली कानशिलं तापेपर्यंत वाटली, आणि ती तिथेच बसून राहिली.

"झाड तहानेनं मरतंय आणि ही पाणी अडवून बसलीय," सासऱ्याने लोकांना सांगितलं.

"तहान नाही ती!" धाकटी ओरडली. "मर आहे! मर! मर! तीन वर्षं मर आहे ही, आणि आपण तिला पाणी पाजतोय!"

शेतात उभ्या पिकात, एवढ्या मोठ्याने. नेमक्या त्याच वेळी सासूबाई धापा टाकत बांधावर पोचल्या होत्या. त्यांनी कानांवर हात ठेवले.

"अगं फुलोऱ्यात आहे पीक! तोंडाला आवर घाल!"

"आई, तिथलं एक पिवळं झाड काढा. ओढू नका. माती सैल करून काढा, आणि मूळ चोळून बघा."

"मी नाही हात लावणार."

"मग मीही उठणार नाही. बसते इथे उन्हं उतरेपर्यंत."

सासूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, पाण्यात काकडणाऱ्या सुनेकडे बघितलं. मग पुटपुटत वाफ्यात उतरल्या. वाकून झाड काढलं. पाटाच्या पाण्यात मूळ धुतलं, दोन बोटांत धरून चोळलं, आणि साल सरकून त्यांच्या बोटांवर आली. त्यांनी दुसरं झाड काढलं. त्याचंही तसंच. मग त्या उठून दूरच्या वाफ्यापाशी गेल्या, एक हिरवंगार झाड काढलं. त्याचं मूळ पांढरं, घट्ट. चोळलं तरी साल हलेना.

त्या तिन्ही मुळं घेऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो, ही तहान नाही. ही मर आहे."

म्हाताऱ्याने बायकोच्या तोंडून हा शब्द उभ्या जन्मात ऐकला नव्हता. तो फावड्यावर टेकून उभा राहिला.

"बघता काय? पंप बंद करून या," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी गारठून जाईल."

तो गेला. लोक पांगले. सासूबाईंनी धाकटीला हात देऊन उठवलं तेव्हा तिचे पाय बधिर झाले होते आणि दात वाजत होते, पण तिने आधी पाटाला माती लावली आणि मगच कपडे बदलायला घरी गेली.

दुपारी दोघींनी पिवळी झाडं काढली, आणि त्यांच्या भोवतालची हिरवीही. सासूबाईंचा जीव तुटत होता.

"ही चांगली आहेत गं."

"चांगली दिसतायत, आई."

पोत्यात भरून, माती सांडू न देता, त्यांनी ती लांब ओढ्याच्या पलीकडे नेऊन जाळली. ओली झाडं जळता जळेनात, धुराने डोळे चुरचुरले. खड्ड्यांभोवतीच्या झाडांना धाकटीने त्या चांगल्या बुरशीचं पाणी घातलं. खुरपी धुतल्याशिवाय दुसऱ्या वाफ्यात न्यायची नाहीत, असा तिने दंडक घातला, आणि तो पहिल्यांदा मोडला तिनेच, गडबडीत. सासूबाईंनी लगेच पकडलं. दिवसभर त्या तेच ऐकवत होत्या.

सासरा तिच्याशी बोलायचा बंद झाला. समोर ती बसलेली असतानाही बायकोला म्हणायचा, "तिला सांग, वरच्या तुकड्यात तण आलंय." सासूबाई सांगायच्या, "ते म्हणतायत, तण आलंय." धाकटी म्हणायची, "त्यांना सांगा, बघितलं." नवरा घास हातात धरून हसू दाबायचा. पाटापाशी मात्र म्हातारा फावडं घेऊन फिरकला नाही. एकदा धाकटीने लांबून पाहिलं, तो वाफ्याशी वाकून मातीत बोट खुपसत होता. तिने बघितलं असं त्याला दिसू दिलं नाही.

मटार उभा राहिला. सगळा नाही. कोपऱ्यात टक्कल पडल्यासारखी जागा उरली आणि मधे दोन ठिकाणी विरळ झालं. पण बाकीचा तुकडा शेंगांनी वाकला होता. तोडताना शेंग कटकन मोडायची आणि टपोरे दाणे बोटांना लागायचे. पाट्या भरभरून बांधावर आल्या. पेरणीच्या वेळी बी कमी पडलं का म्हणून विचारणारा शेजारी आता विचारत होता, "ती नळी एकदा आमच्याकडे आणतोस का रे?" नवरा म्हणाला, "बायकोला विचारून सांगतो."

वीटवाला आला तो नेमका त्या दिवसांत. बोलल्याप्रमाणे आला होता, गाडी लांब रस्त्यावर उभी करून. त्याने पाट्या पाहिल्या.

सासरा त्याला बांधावर भेटला. कित्येक दिवसांनी म्हातारा ताठ उभा होता. त्याने मूठभर शेंगा वीटवाल्याच्या हातात कोंबल्या.

"खा. बघा गोडी. या मातीच्या विटा करणार होतात!"

"बरं झालं की," वीटवाला दाणे चावत म्हणाला. "माझं काय, माती दुसरीकडे मिळेल."

"पुढच्या वर्षी बघायला या. वरच्यासकट सगळा मटार करणार. बी आत्ताच धरून ठेवलंय."

धाकटी पाटी उतरवत होती. ती थांबली. बाईंचं बोलणं तिला आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असंही तिला वाटलं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला होता. गप्प बसली असती तर त्या दिवशी घरात सगळे खुश राहिले असते.

"आबा, पुढच्या वर्षी इथे मटार नाही."

सासरा तिच्याशी थेट बोलला, पाटानंतर पहिल्यांदा. "काय म्हणालीस?"

"इथे मटार नाही. रोग मातीत आहे अजून. कमी झालाय, गेला नाही. मटार दिसला की परत उठेल. तीन-चार वर्षं त्याला उपाशी ठेवायचं."

"पिकलाय की! डोळ्यांसमोर पिकलाय!"

"म्हणूनच."

"मी पेरणार," सासरा म्हणाला. "जमीन माझी आहे."

"पेरा. मी उपटीन."

वीटवाल्याने शेंगा चावायच्या थांबवल्या. त्याला परत आपलं काम निघतंय असं वाटलं असावं. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, रस्त्यावरच्या गाडीकडे पाहिलं. तो एक शब्द बोलला असता की गाडी तुकड्यात आली असती. वर्षभराची कुदळ, ते ऊन, ते पाणी, सगळं त्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं, आणि तरी तिला बोललेलं मागे घ्यावंसं वाटेना.

पण म्हाताऱ्याचा आवाज एकदम खाली आला.

"चार वर्षं? तोवर मी असेन का गं?"

त्याने हे तिलाच विचारलं होतं, वीटवाल्याला नव्हे. या माणसाने तिच्या पिकाला पाणी पाजून पाजून मारलं होतं, आणि त्याच्याइतकी माया या तुकड्यावर दुसऱ्या कोणाची नव्हती. असाल हो आबा, करा पुढच्या वर्षी मटार, असं म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं.

"नसलात तरी चार वर्षं झाल्याशिवाय पेरणार नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

मग सासऱ्याने वीटवाल्याकडे न बघताच हात हलवला, माशी हाकलावी तसा. वीटवाला उरलेल्या शेंगा खिशात घालून गाडीकडे गेला.

म्हातारा बांधावर बसला. पाटीतली एक शेंग उचलून त्याने सोलली, दाणे तळहातावर घेतले आणि एकेक करून खाल्ले. धरून ठेवलेल्या बियाचं काय करायचं ते त्याने विचारलं नाही आणि तिनेही काढलं नाही.

"मग घालणार काय इथे?"

"मका."

"मका," तो म्हणाला. जिभेवर ठेवून बघितल्यासारखा. "मक्याला पाणी लागतं."

"लागतं."

"ते मी देईन."

"द्या की, आबा," धाकटी पाटी डोक्यावर चढवत म्हणाली. "पण मी सांगेन तेव्हा."